गिरणीमागची कोंबडी

अप्पा, अव्वा न्हाणीत घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आत सळी घातली, टाके निघाले, आता डॉक्टरांनी तिला रोज थोडं चालवायला सांगितलंय. वॉकर आणलाय, पण तिचा त्यावर विश्वास नाही, लेकीच्या हातावर आहे. म्हणून सकाळी कंपनीची बस यायच्या आधी मी तिच्या काखेखालून जुनं लुगडं घालते, त्याची टोकं मागून धरते आणि पलंगापासून सोप्याच्या उंबऱ्यापर्यंत तिला नेते. परवा निम्म्या वाटेत थांबून ती हसायला लागली. मला वाटलं, दुखलं म्हणून रडतेय. तर म्हणाली, "तुझ्या अप्पांनी कोंबडी टांगल्याली, आता तू मला टांग." तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. त्याच्या आधी किंवा नंतर, तिनं आपणहून त्या कोंबडीचा विषय कधीच काढला नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते, पण माझी खरी शाळा तुमची गिरणीच. अक्षरं मी पिठात शिकले. एखाद्या डब्याचं झाकण पालथं घालून तुम्ही त्यावर चिमूटभर ज्वारीचं पीठ पसरायचात आणि माझं बोट धरून अक्षर गिरवायचात. चुकलं की फुंकर. गिऱ्हाइकांचे डबे बाकड्यावर ओळीनं मांडलेले असत, जागा पुरली नाही की एकावर एक. जमिनीवर सांडलेल्या दाण्यांसाठी समोरच्या काकींच्या कोंबड्या आत यायच्या आणि तुम्ही त्यांना हाकलायचा नाहीत. काकींचं घर शेतकऱ्याचं. आपण लिंगायत, आपल्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नव्हतं. पण दाणा कुणी खावा ह्याबद्दल तुमचा काही नियम नव्हता.

त्या दिवशी पट्ट्याच्या हादऱ्यानं सरकत सरकत वरचा डबा खाली आला, तो नेमका एका तांबूस कोंबडीवर. तुम्ही मोटार बंद केलीत. अचानक झालेल्या शांततेत तिचं ओरडणं मला आजही ऐकू येतं. काकी धावत आल्या. एक पाय नुसता लोंबत होता. तो बघून त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या अप्पा, जीवाला लावून घेऊ नगासा. आज रातीच रस्सा करतो."

"माझ्या गिरणीत मोडलाय पाय," तुम्ही म्हणालात. "मी बघतो."

"तुमी? तुमी जल्मात कोंबडीला हात लावलाय व्हय?"

"न्हाय. पर म्हशीला लावलाय की."

दळपाला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. काकीही हसल्या, पण त्यांनी सौदा केलाच. जत्रा महिन्यावर आली होती. "तवर चालाय लागली तर ठिवतो. न्हायतर पावण्यांच्या ताटात." तुम्ही "चालंल" म्हणालात, आणि एखादं पोतं ताब्यात घ्यावं तशी कोंबडी ताब्यात घेतलीत.

पुढचं तुम्ही कसं केलंत ते मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा ते चालू असल्यासारखंच दिसतं. बांबूची काडी तुम्ही काचेनं घासून गुळगुळीत करताय. पाय सरळ धरून दोन्ही बाजूंनी काड्या लावून वरून चिंधी गुंडाळताय. मग पीठ उडू नये म्हणून जात्याच्या तोंडाला बांधतात ती कापडी बाही, तिची एक जुनी बाही तुम्ही कापता, तिला पायांसाठी दोन भोकं पाडता आणि गिरणीमागच्या पत्र्याखाली, जिथं पूर्वी डिझेलचं इंजिन होतं, तिथं दोन खुंट्यांमध्ये ती बांधता. कोंबडी त्या झोळीत बसते. पाय जमिनीला जेमतेम टेकतात. पुढ्यात पाण्याची वाटी आणि भरडलेली ज्वारी. बाहीतलं जुनं पीठ झडून तिची पिसं पांढरी होतात आणि ती एखाद्या रागावलेल्या म्हातारीसारखी आपल्याकडे बघते.

लोक बोललेच. आपल्यातलेच एक आजोबा आपला डबा उचलायला आले. "ह्या पिठाचा निवद देवाला दावायचा? पिसांसकट?" तुम्ही जातं थांबवून त्यांना मागं नेलंत आणि सगळं दाखवलंत. म्हणालात, "कोंबडी हितं, जातं तितं. मधी मी हात धुतो. तरी मन मानत नसंल तर दुसरीकडं दळा, मला राग न्हाय." त्यांनी डबा नेला. मागोमाग आणखी काहींनी नेला. मला भीती वाटली की आता सगळेच नेतील आणि गिरणी बंद पडेल. रात्री मी अव्वाला तसं विचारलंही. ती म्हणाली, "तुझ्या अप्पास्नी इचार." तिचं म्हणणं एवढंच होतं की कोंबडीला हात लावून आलात तर आंघोळीशिवाय आत यायचं नाही, देवाच्या खोलीकडं तर बघायचंही नाही. तुम्ही रोज अंगणातल्या नळाखाली, थंडीत, आंघोळ करायचात. तिचा नियम तुम्हाला मोडायचा नव्हता आणि कोंबडीही सोडायची नव्हती. एवढी साधी गोष्ट मला मोठेपणी कळली: दोन्ही पाळायचं तर मधली थंडी आपण सोसायची.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी येता-जाता चिंधी सोडून बघायचे, हाड जुळलं का. तुम्ही मला धरलंत. "सारखं उकलून बघिटलं तर जुळंल कसं? बांधलंय न्हवं? मग गप बस." अप्पा, मी आता एमआयडीसीत सुट्या भागांची मापं तपासते. पास झालेला भाग मी पुन्हा मोजते, शिक्का मारल्यावरही एकदा. सगळे हसतात. गप बसणं मला अजून जमलेलं नाही.

पण त्याच उकलून बघण्यामुळं मला एक गोष्ट दिसली होती. पायाची बोटं सुजून काळपट पडली होती. तुम्ही चिंधीची गाठ मारली होती ती पोत्याचं तोंड बांधतात तशी, दाणा निसटू नये अशी. रागावला होतात म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. मी अव्वाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, शेकली, उतरवली, आणि मग चुलीतली लाकडं मागं ओढून उठली. तुम्ही जात्याला टाकी लावत बसला होतात; दगडावरच्या छिन्नीचा आवाज सारखा येत होता. तो थांबेपर्यंत तुम्ही उठणार नाही हे तिला ठाऊक होतं. ती परड्यातून पत्र्याखाली गेली. लहान पोराला धरावं तशी तिनं ती कोंबडी मांडीवर घेतली, गाठ सोडली, कोमट हळद-तेल लावलं, बोटं एकेक करून चोळली आणि चिंधी पुन्हा बांधली. मला म्हणाली, "बघ. खालनं दोन बोटं जायाला पायजेत." मग माझा हात धरून, "त्यास्नी सांगायचं न्हाई. कळलं तर उद्या लंगडं कुत्रं आणतील, परवा रेडा." मी शब्द दिला.

दुपारी तुम्ही जेवायला बसलात. अव्वाचे केस ओले होते. "ह्या थंडीत दुपारचं न्हालीस?" तुम्ही विचारलंत. "उकडत हुतं," ती म्हणाली. तुम्ही ताटाकडे बघत जेवत राहिलात. हसलात का, हे मला आठवत नाही, आणि न आठवणारं मी लिहिणार नाही.

जत्रेच्या आधी ती झोळीतून उतरली. पडली, उठली, पंख पसरून तोल सावरला, आणि एक दिवस थोडी लंगडत पण दोन्ही पायांवर, गल्ली ओलांडून काकींच्या दारात गेली. काकी कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अगं बया, जोंधळं खाऊन लिंगायत झाली की ही," म्हणाल्या, आणि शब्दाला जागल्या. जत्रेत दुसरी कापली. नेलेले डबेही एकेक करून परत आले.

पुढच्या वर्षी काकींचे जावई न सांगता आले, तेव्हा मात्र कापायला तीच हाताशी होती. मी रडत गिरणीत आले. एवढं करून काय उपयोग झाला, असं तुम्हाला विचारलं. तुम्ही डब्यातलं पीठ हातानं दाबत होतात. म्हणालात, "त्यांची कोंबडी. आपल्याकडं पाय हुता, तेवढा बघिटला." आणि जरा वेळानं, माझं रडणं थांबत नाही असं बघून, "तवर चालली की, बाळ. वरीसभर चालली."

दादा पुण्याहून फोनवर म्हणतो, ह्या वयात तिला कशाला छळतेस, कामाला बाई ठेवू, पडून राहू दे. तो वाईट मनानं म्हणत नाही. मीही रात्री स्वतःला विचारते, की ती पूर्वीसारखी चालेल का, चालली तर किती दिवस. सकाळी मात्र लुगडं घेऊन उभी राहते. तेवढ्या वेळापुरती मी तुमची मुलगी असते.

काल उंबऱ्यापर्यंत जाऊन ती खुर्चीत टेकली. तिच्या पायावर सुजेसाठी पट्टी गुंडाळायची असते, ती मी गुंडाळत होते. तिनं वाकून पट्टीखाली बोटं घालून बघितली. "सैल कर. दोन बोटं जायाला पायजेत." मग माझ्याकडे बघितलं. बाहेरून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

"तू सांगितलं न्हाईस न्हवं त्यास्नी?"

"न्हाई अव्वा."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पाय पुढे केला.

म्हणून हे पाठवायचं ठिकाण असतं तरी मला पाठवता आलं नसतं. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं मी स्वतःपुरतं ठरवलंय. ते पुरतं पटलेलं नाही. कागद टेबलावर पालथा घालून ठेवलाय.