सुपातले खडे

चिंचवड, मंगळवार, १९५६

चूक खाटेची होती, मनोविश्लेषणाच्या पुस्तकाची नाही! रुग्णाला आडवं करायचं, आपण मागे बसायचं आणि त्याला स्वप्नं सांगू द्यायची, असं त्यात लिहिलंय. पण कुरुळीच्या ठकूबाई खाट बघून म्हणाल्या, "दिवसाढवळ्या आडवं व्हायला मी काय मेलेय व्हय?" आणि दाराशीच बसून राहिल्या. त्यांचा उजवा हात महिनोन्‌महिने उचलत नाही आणि माझ्या डॉक्टरी तपासणीत दोष सापडत नाही.

आज त्यांना सुपात घरचे तांदूळ निवडायला दिले. पदर ओढून, माझ्याकडे पाठ करून त्या डाव्या हातानं खडे वेचत बसल्या आणि आपणहून बोलू लागल्या. "रोज सपान पडतंय. जाऊ विहिरीत पडलीया, दोर माझ्या हातात. अन्‌ हात सुटतो."

"जाऊबाई खरंच विहिरीत पडल्या?"

"न्हाई, तापानं गेली. पाणी मागत हुती. आमचं भांडण हुतं, म्या हात पुढं केला न्हाई."

बोलता बोलता उजवा हात सुपात आला. त्यांना पत्ता नाही.

उद्या त्या परत येतील. खाट बाहेर काढली. घरच्या निवडलेल्या तांदळांत आत्ताच मूठभर खडे मिसळून ठेवलेत.