नाडी नसलेला परकर

पनवेल, रविवार, १३ नोव्हेंबर २०११

१. निनादशी होणाऱ्या साखरपुड्याची साडी आज नेसून पाहिली.
२. थोड्याच वेळात पोट दुखायला लागलं.
३. साडी सोडून आडवी झाले.

नाडीचा लाल वळ अजून आहे. पोटाच्या आत सूज असताना अख्ख्या साडीचं वजन एका दोरीवर टाकायचं, ही रचनाच चुकीची. वजन खांद्यांवर घ्यायला हवं. एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही?

शेजारच्या नलूकाकू शिवणकाम करतात. त्यांना आकृती काढून दाखवली: नाडी नको, परकराला खांद्यांवरून पट्टे.

काकू हसल्या. "अगं, हा तर बालवाडीतल्या पोरीचा परकर."

आई म्हणाली, "सासरच्यांना कळलं तर?"

"ब्लाउजच्या आत कोण डोकावतंय, वहिनी?" म्हणत काकूंनी जुन्याच परकराला पट्टे मारून दिले.

संध्याकाळी तो घालून पुन्हा साडी नेसले आणि तशीच जेवायला बसले. वळावर काही रुतलं नाही. दुसरी पोळी घेतली. आईने तिच्यावर तूप वाढलं. बरं वाटलं. खरं तर छानच वाटलं.

पट्टे ब्लाउजखाली लपतील. पण दुखणं? आई म्हणते, लग्नानंतर सांग. मला ते पटत नाही. आत्ताच निनादला मेसेज पाठवला, इथे उतरवून ठेवते:

"मला एंडोमेट्रिओसिस आहे. पोटात सूज येते, दुखतं. औषधं चालू आहेत, पण पूर्ण बरं होईलच असं नाही. मूल होण्यात अडचण येऊ शकते. साखरपुड्याआधी तुला माहीत असावं. विचार करून गुरुवारपर्यंत उत्तर दे."