आजींच्या विहिरीतली दोरी

तीर्थरूप ताई,

गुडघा वाकत नाही, म्हणून मनानेच वाकून नमस्कार. बाकी तब्येत उत्तम. खोकला आहे, पण तो जुना सोबती.

गावासाठी नवी विहीर कुठे खोदायची, ते ठरवतोय. चांगली जागा सापडली, ती नेमकी एका आजींच्या जुन्या विहिरीशेजारी. त्या म्हणाल्या, "गावाला पाणी द्या, पण माझं पळवू नका."

म्हणून आधी चाचणीचं बोअर घेतलं आणि दिवसभर त्यावर पंप चालवला. आजींच्या विहिरीत मी दोरी सोडली, तिची गाठ बरोबर पाण्याला टेकेल अशी. पाणी गाठीखाली गेलं, तर जागा सोडायची.

काठावर बसल्या बसल्या शाळेतली कविता ओठांवर आली. आजी खेकसल्या, "अहो, गाताय काय? दोरी बघा!"

संध्याकाळीही गाठ पाण्यालाच टेकलेली होती. आजींनी स्वतः वाकून पाहिलं, मग हसल्या. "हं, आता म्हणा तुमची कविता."

अख्खी म्हटली, ताई. एकही कडवं विसरलो नाही. विसरेन कसा? तू घागरी वाहायचीस आणि मला म्हणायचीस, "तू बस पाठ करत."

कंबर कशी आहे? आता नळाखालची बादलीसुद्धा उचलू नकोस.

तुझ्या पाण्यावर वाढलेला,
धाकटा