दोनशे अकरा पेपर आणि खालचा कप्पा

२ सप्टेंबर, सकाळी ८.१०
रोजनिशी पुन्हा सुरू. कोणाला दाखवायची नाही.
आज वय चौपन्न वर्षं आठ महिने. पंचावन्न पूर्ण झाली की आमच्या विद्यापीठात फुल प्रोफेसरसाठी अर्ज करता येत नाही. म्हणजे यंदा शेवटची संधी, नाहीतर असोसिएट म्हणूनच रिटायर. 'नाहीतर' उगाच लिहिलं. माझे पेपर दोनशे अकरा आहेत. अख्ख्या फूड सायन्स विभागात दुसऱ्या नंबरवरचा माणूस एकशे चाळीसवर धापा टाकतोय.
संकल्प: नम्र राहायचं. निदान निकालापर्यंत.

५ सप्टेंबर
जागा एकच आहे. समोरच्या खोलीतल्या गोंग सूयिनबाईंनीही अर्ज केलाय म्हणे. हसू आवरेना. आठ वर्षांत बाईंचे पेपर तीन! सात भोकांची कमळकाकडी सूपमध्ये मऊ पडते आणि नऊ भोकांची कुरकुरीत राहते, ती का, हा बाईंचा विषय. अहो, हे आमच्या हुबेई प्रांतात भाजीवालीलाही ठाऊक आहे. तिला विचारलं असतं तर आठ वर्षं वाचली असती. पण बाई थंडीत गमबूट चढवून तळ्यात उतरतात, कमळकाकडी उपसणाऱ्या गड्यांबरोबर कमरेइतक्या चिखलात उभ्या राहतात, आणि परत आल्या की कॉरिडॉरभर त्यांच्या पायाचे ठसे. सफाईवाली रोज कुरकुरते. मी तिला म्हटलं, संशोधन म्हणतात याला. दोघं हसलो.
बाईंचा फ्रीज दोन वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हा माझ्या उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीजचा खालचा कप्पा मी त्यांना दिला. मोठं मन लागतं. वरचे तीन कप्पे अर्थात माझ्या कामासाठी.

६ सप्टेंबर, दुपारी १
पेइहुआनं (बायकोनं) ब्लड प्रेशरच्या नावाखाली घरात बदकाच्या तिखट माना आणायला बंदी केलीय. ऑफिसात दोन खाल्ल्या. डोकं किती चाललं! उद्यापासून बंद.

१२ सप्टेंबर
विभागाची मीटिंग. डीन हौ बोलायला उभे राहिले तेव्हा मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून विचार करत होतो. जाग आली ती शांततेमुळे. शेजारच्या लाओ फंगच्या (आमच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाला 'लाओ' म्हणतात) हातातून चहाचा थर्मास पडला होता, तरी कोणी हललं नाही.
डीन म्हणाले होते की यंदापासून पेपर मोजायचे नाहीत. प्रत्येकानं आपले पाच निवडायचे. बाहेरचे पाच तज्ज्ञ येणार, अर्धा तास समोर बसवून त्या पाचांवर विचारणार. एकूण आकडा सांगायलाही बंदी.
मागून कोणीतरी म्हणालं, "तान सर, उरलेल्या दोनशे सहांचं आता लोणचं घाला." आवाज कोणाचा ते ओळखलंय. नाव लिहून ठेवत नाही, लक्षात ठेवतो.
घरी येता येता विचार केला. घाबरायचं कारणच काय? तिनातून पाच कसे निवडणार हा प्रश्न गोंगबाईंचा. मी समुद्रातून पाच लोटे काढायचे.

१५ सप्टेंबर
संकल्प: रोज एक पेपर वाचायचा. स्वतःचा.

१६ सप्टेंबर
पेपर प्रिंट केला. चहा केला. प्रिंटची शाई फिकी आली. शाई बदलायचा अर्ज दिला.

१९ सप्टेंबर
शाई आली. पहिलं पान वाचलं. पहिलं वाक्य आधी कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं. शोधलं तर माझ्याच आणखी अकरा पेपरांत निघालं. याला सातत्य म्हणतात.
दुसरं पान उद्या.

२७ सप्टेंबर
सेनापतीनं स्वतः तलवार चालवायची नसते. वाचायचं काम ज्याओ निंगला दिलं. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, चौथं वर्ष, हुशार, पण चेहऱ्यावर कायम एक शंका.

९ ऑक्टोबर
आठवडाभराची सुट्टी संपली. ज्याओ निंग म्हणाली, "सर, सगळे वाचले." दोनशे अकराच्या दोनशे अकरा! मग म्हणाली, "सर, एकशे शहाण्णव आपल्या लॅबमध्ये झालेलेच नाहीत." जसं काही नवीन सांगतेय. छांगशाच्या झांगच्या पेपरवर माझं नाव, माझ्या पेपरवर त्याचं. नानछांगच्या वानचंही तसंच. लग्नातल्या आहेरासारखं आहे, दिलं की परत येतं. सगळं विद्यापीठ यावर उभं आहे. पोरीला एवढंही शिकवलं नाही कोणी.
तिनं सुचवलेला एकच पेपर: माझा सर्वांत पहिला. सत्तावीस वर्षांपूर्वीचा. 'चिरलेली कमळकाकडी काळी का पडते'. चिनी भाषेत, आमच्या प्रांताच्या एका बारक्या जर्नलमध्ये. म्हणाली, "हा तुम्ही केलाय हे कळतं, सर." मी मोठ्यानं हसलो. प्रोफेसर व्हायला निघालेला माणूस बालवाडीचं प्रगतिपुस्तक घेऊन जातो का?

११ ऑक्टोबर
पाचही मीच निवडले. ज्यांची जर्नलं भारी तेच. त्यात 'कमळकाकडीच्या सालीच्या अर्कानं उंदरांचं वजन घटतं' (झांगबरोबर) आणि 'कमळकाकडीच्या सालीचा अर्क: वजनवाढीसाठी नवी दिशा' (वानबरोबर). नावं ऐकूनच माणूस गार व्हावा.
ज्याओ निंग दारात उभीच. म्हणाली, "सर, दोन नंबरमध्ये उंदीर बारीक झालेत आणि चार नंबरमध्ये लठ्ठ. साल तीच, डोस तोच." मी म्हटलं, उंदीर वेगळे असतील. ती म्हणाली, "सर, फोटोतला उंदीर तोच आहे. डावा कान चावलेला."
पाहिलं. खरंच तोच. दोघांना फोटो मीच पाठवला होता, चांगला आला होता म्हणून. मी तिला म्हटलं, बाहेरचे तज्ज्ञ बडे लोक असतात, त्यांना उंदरांचे कान बघायला वेळ नसतो. ती "बरं सर" म्हणाली. हल्लीच्या पोरांच्या "बरं सर"मध्ये मान नसतो.

३० ऑक्टोबर
तयारी: नवा सूट. आरशासमोर उभं राहून प्रश्नांची उत्तरं दिली. प्रश्नही मीच विचारले, त्यामुळे उत्तम गेलं.
गोंगबाई आजही तळ्यावर. मुलाखत पंधरा दिवसांवर आणि बाई चिखलात! एकेकाची बुद्धी.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
आज. पेइहुआनं सात भोकांची कमळकाकडी आणि डुकराच्या बरगड्या घालून सूप केलं. परीक्षेला जाताना आई करायची तसं. मला काही परीक्षा नाहीये, तरी प्यालो.

१४ नोव्हेंबर, दुपारी ४
उत्तम झालं. एकंदरीत.
मधोमध हांग्झौहून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई. पांढरे केस, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी दोन नंबर आणि चार नंबरचे पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "तान साहेब, हा उंदीर शेवटी बारीक झाला की लठ्ठ?"
मी शांतपणे सांगितलं की दोन्ही निष्कर्ष प्रसिद्ध झालेले आहेत.
कडेचा एक तज्ज्ञ खिडकीकडे तोंड करून खोकू लागला. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग पेपर मिटले आणि म्हणाल्या, "जाऊ दे. तुमच्या घरी कमळकाकडीचं काय करतात?" इतका सोपा प्रश्न! म्हटलं, सूप. आजच प्यालोय. कोणती? सात भोकांची. सातच का? मऊ पडते म्हणून. मऊ का पडते?
मी छताकडे पाहिलं. छत स्वच्छ होतं.
म्हटलं, माहीत नाही.
"मग बाहेर बसल्यात त्यांना विचारा जाता जाता," बाई म्हणाल्या. "आम्हीही त्यांनाच विचारणार आहोत."
अर्ध्या तासातली बावीस मिनिटं उरली होती. लवकर सोडलं म्हणजे समाधान झालं असणार. बाहेर गोंगबाई बाकावर बसल्या होत्या, हातात तीन पेपर, बुटांना चिखल. "कसं झालं, लाओ तान?" म्हणाल्या. मी म्हटलं, लोक सज्जन आहेत, घाबरू नका.
त्या आत गेल्या त्या दीड तास बाहेर आल्या नाहीत. बिचारीला फाडून खाल्लं असेल. आतून हसण्याचे आवाज आले, तेव्हा तर मला दयाच आली.

२२ नोव्हेंबर
ज्याओ निंगनं गाईड बदलायचा अर्ज दिलाय. गोंगबाईंकडे. गमबुटांचा नंबर विचारत होती.

१ डिसेंबर
यादी लागली. लाल शिक्का. गोंग सूयिन.
कारणं:
एक, म्हाताऱ्या बाईंचा उंदरांवर काहीतरी राग.
दोन, सूट घट्ट होता.
तीन, हल्ली चिखलाची फॅशन आहे.

२ डिसेंबर
पेइहुआला काल सांगितलं नव्हतं, तिला बाजारात कळलं. रागावली नाही, त्यामुळे जास्त लागलं. जेवताना म्हणाली, "लाओ तान, तू स्वतः केलेला एक तरी होता ना रे? आपण या पाटावर कमळकाकडी चिरत बसायचो. चारशे चकत्या. तू घड्याळ धरायचास, मी रंग लिहायचे." मी म्हटलं, तो बारक्या जर्नलमधला. ती म्हणाली, "तोच न्यायचा होतास."
जेवण झाल्यावर ताटं मीच घासली.

११ डिसेंबर
वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण. ग्रुपवर एकोणचाळीस केकची चित्रं आली. डीन हौंचंही एक.

१८ डिसेंबर, सकाळी ११
गोंगबाईंचा चौथा पेपर आला. मोठ्या जर्नलमध्ये. चुका काढायच्या म्हणून उघडला.
पूर्ण वाचला. किती वर्षांनी एखादा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला ते आठवत नाही. सगळा समजला. सात भोकांची का मऊ पडते ते आता मला माहीत आहे. तळ्याचा गाळ किती खोल, पाणी कधी उतरतं, पिठूळपणा कुठून येतो, सगळं. इतकं साधं आणि इतकं बरोबर की जळफळाट झाला. चूक एकही नाही. दोनदा पाहिलं.
शेवटी आभार. तळ्यावरच्या सहा गड्यांची नावं. आणि खाली: 'फ्रीजचा खालचा कप्पा दोन वर्षं वापरू दिल्याबद्दल तान बिंगवेन यांचे आभार. त्याशिवाय हे नमुने टिकले नसते.'
चार वेळा वाचलं. माझं नाव आणि त्याच्यासमोर मी खरोखर केलेली गोष्ट, असं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच छापून आलंय.

१८ डिसेंबर, दुपारी १२
विभागाच्या ऑफिसात फोन केला. विचारलं, आभारात नाव आलं तर ते आकड्यात धरतात का? म्हणजे दोनशे बारा? क्लार्क म्हणाली, "नाही सर. बरं झालं तुम्हीच फोन केलात. उणे ऐंशीचा फ्रीज आता प्रोफेसर गोंगांच्या नावावर झालाय. तुमचे वरचे तीन कप्पे आज रिकामे करून द्या. नमुने बरेच असतील ना? हातगाडी पाठवू का?"
म्हटलं, बघतो.

१८ डिसेंबर, दुपारी ३
रिकामे केले. तिन्ही कप्पे मागेपर्यंत हात घालून पाहिले. बदकाच्या माना, चार पाकिटं. बाकी काही नव्हतं.
हातगाडी नको म्हणून कळवलं.