परत नको

आई,

आधी नमस्कार, भांडण नंतर. माझा खोकला गेला. तुझा गुडघा कसा आहे?

तुझ्या पत्रात बाबांचा निरोप वाचला: "दोन पोरांच्या आईमागे जन्म वाया घालवू नकोस, परत ये." मी येणार नाही. लग्न तिच्याशीच करणार, पोरांसकट. तिच्यासाठी एक कॉलेज सोडलं, दहा असती तर दहाही सोडली असती.

आम्ही जुनी बोट घेतली. धक्क्यावर सगळे म्हणाले, लहान मुलं आहेत तर इंजिनाची घे, ढग दिसला की झटकन किनारा गाठशील. पटलं, म्हणून विकायला काढलेली एक इंजिनाची बोट तिच्या मालकाकडून मागून नेऊन पाहिली. इथला नियम असा, की बोटीतलं सगळ्यांत लहान माणूस 'परत' म्हणालं की वळायचं. धाकटी मागे बसून 'परत, परत' ओरडत होती, आणि त्या धडधडीत मला ऐकूच आलं नाही. किनाऱ्याला लागलो तेव्हा तिचं तोंड रडून सुजलं होतं. तिची आई एवढंच म्हणाली, "ऐकू येईल अशी घे."

शिडाची घेतली. वारा पडला की ताटकळावं लागतं, थोरला मला 'कासवकाका' म्हणतो. म्हणू दे. जॅकेट घातल्याशिवाय मी कुणाला बोटीत चढू देत नाही, तू घोर लावून घेऊ नकोस.

काल निरोप वाचून माझं तोंड उतरलं होतं. भर पाण्यात मी धाकटीला विचारलं, "फिरायचं का मागे?" माझी बाही धरून ती म्हणाली, "परत नको."

बाबांना आमचा नियम सांग.

तुझाच,
हट्टी