आवाज येऊन राहिला का?

नाना, माझ्या ऐकू यायच्या मशीनने महिन्याभरापूर्वी हात टेकले आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही गेलात तेव्हा असलं मशीन आपल्या गावात कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. शेंगेतल्या दाण्याएवढं असतं, कानामागे बसतं, आणि त्याची सगळी सूत्रं फोनमध्ये असतात. फोन म्हणजे गिरणीत मॅनेजरच्या टेबलावर असायचा तो काळा धोंडा नव्हे. आता तो प्रत्येकाच्या हातात असतो, त्यात बातम्या, सिनेमे, भजनं, भांडणं, सगळं असतं. तर मी मशीन घेऊन बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदार पोरगा भला आहे. त्याने ते फुंकर मारून पाहिलं, उलटसुलट केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “माँजी, मशीन तर एकदम चोख आहे. पण कंपनीने हे मॉडेल बंद केलं. तुमचा फोन नवीन झाला ना, आता तो याला ओळखत नाही.” मी म्हटलं, “अरे, माझे कान तर जुनेच आहेत, ते ओळखतात की त्याला.” तो हसला. मग त्याने नव्या मशीनचा फोटो दाखवला आणि मी घरी आले. आता ते एकाच बारीक आवाजावर अडकून बसलंय, आत नुसती माशी घोंगावल्यासारखं होतं.

मला या कंपन्यांचा राग येतो, नाना, आणि या वयात राग धरायला कुणी फारसं उरलेलं नसल्यामुळे तो सगळा त्यांच्याच वाट्याला जातो. वस्तू मोडली तर मी समजू शकते. कप फुटतो, चपलेचा अंगठा तुटतो, माणूससुद्धा जातं. पण धडधाकट वस्तूला दूर कुठंतरी बसून कुणी सांगावं की आजपासून तू मेलीस, हे मला पटत नाही. माझा मुलगा परदेशात असल्याच एका कंपनीत आहे. मशीनचं त्याला सांगितलेलं नाही, पण एरवी काही बिघडलं म्हटलं की म्हणतो, “आई, नवीन घे ना, मी पाठवतो.” त्याचं काही चुकत नाही. पण नवीन घे हे उत्तर तुम्ही ज्या घरात दिलं नसतं त्या घरात मी वाढले.

तुमचा रेडिओ आठवतो का, असं विचारणं वेडेपणाचं आहे. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. तापीकाठच्या आपल्या गावात, लालबागच्या गल्लीत तेव्हा वीज आलेली नव्हती, म्हणून तुम्ही बॅटरीवरचा सेट घेतलात, तोही वापरलेला, लोधीपुऱ्यातल्या एका कापडवाल्याकडून. लाकडी पेटी, पुढं जाळीदार कापड, आणि मागे विटेहून मोठी कोरडी बॅटरी. ती बॅटरी खंडव्याहून यायची आणि सांगून ठेवली तरी कधी येईल त्याचा नेम नसायचा. दोन छपरांच्या मधून तार बांधताना तुम्ही कौलांवर चढलात आणि माय खालून ओरडत होती, “पडसान, उतरा खाली, नाही ऐकायचं आम्हाले काही.” तुम्ही दिवसभर गिरणीच्या विणाईखात्यात मागांच्या खडखडाटात उभे राहायचात, घरी आलात की आधी काही वेळ मोठ्यानेच बोलायचात, आणि तरी तुम्हाला घरात आवाजाची हौस. सेट घ्यायचं खरं कारण ताई होती. ती नागपूरला आत्याकडे राहून शिकत होती आणि तिथल्या रेडिओवरच्या बायकांच्या कार्यक्रमात गाण्यासाठी तिला निवडलं होतं. पोरगी नागपुरात गाईल आणि आपण लालबागेत ऐकू, या एका गोष्टीसाठी तुम्ही ते खोकं आणलंत. आणल्यावर मात्र ते गल्लीचं झालं.

संध्याकाळ झाली की तुम्ही सेट ओट्यावर मांडायचात. शेजारचे विणकर चाचा यायचे, समोरच्या काकी यायच्या, कुणी बस म्हटलं नाही तरी माणसं बसायची. आणि तुमचा नियम असा की ओट्यावर एक जरी माणूस बसलेला असला तर सेट बंद करायचा नाही. माय आत कुरकुरायची, बॅटरी काय झाडाला लागते का म्हणायची. तुम्ही म्हणायचात, पंगतीतला माणूस जेवत असताना आपण त्याचं पान उचलतो का? आपल्याकडे हे असंच होतं. दारी आलेल्याला उठा म्हणायची पद्धत नव्हती. लोक आपल्या मनाने उठतील तेव्हा उठतील. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटायचा.

मग छप्पन साली प्रांत बदलले. तापी होती तिथंच वाहत होती, गिरणीचा भोंगा त्याच वेळेला व्हायचा, पण नागपूर पलीकडे गेलं आणि आपण भोपाळकडचे झालो. त्या संध्याकाळी आपला ओटा भरून माणसं रस्त्यावर बसली. आपण नेमके कुठं गेलो, हे त्या खोक्याने सांगावं म्हणून सगळे आले होते. भाषणं चालली, बातम्या झाल्या, पुन्हा त्याच बातम्या झाल्या. मराठी शाळेतले मास्तर विचारत होते की आता शाळेचं काय होणार. चाचा म्हणाले, “मास्तर, बच्चे तो येही रहेंगे ना, फिर काय फिकीर?” कुणी उठत नव्हतं. माय दोनदा दारात आली आणि तुमच्याकडे बघून परत गेली, कारण दोनच दिवसांनी ताईचं गाणं होतं आणि नवी बॅटरी आलेली नव्हती. तुम्ही तिचा डोळा चुकवलात. लोक घाबरलेले होते, नाना, आणि घाबरलेल्या लोकांना तुम्ही उठा कसं म्हणणार होतात?

ताईच्या संध्याकाळी तीच माणसं धुतलेले कपडे घालून आली. काकींनी पेढे आणले. मी सगळ्यांत पुढं, मायच्या मांडीला टेकून. निवेदिकेने ताईचं नाव घेतलं तेव्हा आवाज आधीच बारीक होता, तरी ऐकू आलं. गाण्याची पहिली ओळ आली. ती ताईच होती, पण जरा घाबरलेली. मग आवाज खाली खाली जायला लागला. तुम्ही आवाजाचं बटण पूर्ण फिरवलंत आणि जाळीला कान लावलात. आणि तुम्ही कान तिथंच ठेवून सांगायला लागलात, “हं, आता दुसरं कडवं. आता वर गेली. वा. आता श्वास घेतला.” लोक माना डोलवायला लागले. ताई घरी जे गाणं म्हणायची तेच होतं, शब्द तुम्हाला पाठ होते, तुम्ही एकेक ओळ हळूच म्हणून दाखवत होतात. मध्येच तुम्ही मायला जवळ ओढलंत, तिचं डोकं जाळीशी नेलंत आणि विचारलंत, “आवाज येऊन राहिला का?” मायने कान जाळीशी ठेवूनच तुमच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “येतो ना. चांगला येतो.” आणि पदराने डोळे पुसले. गाणं संपल्याचं तुम्हीच सांगितलंत, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सेट लागला नाही तेव्हा माय म्हणाली, बॅटरी पोरीच्या गाण्यापुरती टिकली, देव पावला. तुम्ही ते गल्लीभर सांगितलंत.

ताईने पत्रात विचारलं होतं की शेवटी माझा आवाज चिरकला का. तुम्ही कळवलंत, अजिबात नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती येणार होती. ती आली नाही, तिच्या तापाची खबर आली, आणि तुम्ही पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. आपल्याकडे तिचा एक फोटोही धड नव्हता.

त्यानंतर तुम्ही मला शाळेत सोडायला निघाला होतात. गिरणीच्या भिंतीशी तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे न बघता बोललात. “माझे कान गेले, बेटा. तुझ्या मायला आवाज आला. मला नाही आला. पोरगी शेवटचं गात होती आणि बापाला ऐकू नाही आलं. मी लोकांना खोटं खोटं सांगत होतो.” मी दहा वर्षांची. मी तुमचा हात धरला, तुम्ही सोडवून घेतलात आणि भोंगा झाला म्हणून आत गेलात. पुढं तुम्ही भजनाला जाणं सोडलंत. कुणी काही म्हटलं की आधीच हात कानाशी न्यायचात, कान चालत असूनसुद्धा. नवी बॅटरी आली, सेट वाजला, पण तुम्ही त्याच्या समोर कधी बसला नाहीत, लांब दारात उभे राहायचात. गिरणीने तुमचे कान खाल्ले असं सगळे म्हणायचे. खाल्ले असतीलही, पण ते नंतर.

तुम्ही गेल्यावर किती तरी वर्षांनी माय माझ्याजवळ राहायला होती. फळीवर तो रिकामा सेट होता, त्यावर ती उदबत्तीचं घर ठेवायची. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुह्या नानाचे कान नव्हते गेले. खोकंच मुकं झालं होतं. मी कान लावला तं आत काहीच नाही, साधी खरखर नाही.” मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तेव्हा सारी गल्ली बसलेली होती. त्याचं तोंड पाहून माह्यानं बोलवलं नाही. आन् मग पोरगी गेली. मग कसं सांगू? म्हणू का, तुम्ही लोकांले ऐकवत बसले म्हणून बॅटरी सरली? तो त्या लोकांचं तोंड पाहता काय मंग कधी? कानाले दोष देऊन जगला तं जगला.”

मी त्या दिवशी तिच्यावर फार चिडले, नाना. मी तिला गिरणीच्या भिंतीपाशी तुम्ही काय बोललात ते सांगितलं नाही, इतकी अक्कल मला होती, पण मी जेवले नाही. मला वाटत होतं, दोष द्यायला जगात एक बॅटरी होती, दीडदमडीची वस्तू, आणि हिने तो दोष त्या माणसाच्या अंगावर ठेवला. मला अजून पूर्ण कळत नाही की ती बरोबर होती की चूक. तुमच्याकडचं तुम्ही मला सांगितलंत, तिच्याकडचं तिने, आणि एकमेकांना दोघांनीही नाही.

आता फोनमध्ये जगातलं सगळं गाणं आहे. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, मालिकेचा एक भाग संपायच्या आत पुढचा दारात उभा. कुणी बंद कर म्हणतच नाही. मला गंमत वाटते की तुम्हीही सेट बंद करत नव्हतात आणि ही कंपनीही बंद करू देत नाही. फरक एवढाच की तुमची स्वतःची बॅटरी जळत होती आणि इथं आमची जळते. मशीन चालत होतं तेव्हा मी त्यात ताईचा आवाज शोधून पाहिला, म्हातारपणाचा चाळा म्हणा. नाही सापडला. मुलगा म्हणाला, “आई, हल्ली आवाज बनवता येतो, थोडा नमुना लागतो.” मी त्याला म्हटलं, नमुना तुझ्या आजोबांनी जाळीला कान लावून सांगितला होता, तेवढाच आहे. त्याला कळलं नाही. मीही समजावलं नाही.

तुमचे कान शाबूत होते. एवढं सांगायला बसले होते. पहिल्या ओळीनंतर त्या पेटीत आवाजच नव्हता, मायलाही आला नाही, मलाही आला नसता. तुमचं काही चुकलं नाही, ओट्यावर माणसं बसवलीत तेही चुकलं नाही. हे तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही, तेव्हा कागद इथंच उशाखाली राहील.

आणखी एक. मुलगा रविवारी फोनवर दिसतो. चित्र स्वच्छ असतं, त्याच्या शर्टाची गुंडीसुद्धा दिसते. तो आधी नेहमीचंच विचारतो, “आई, आवाज येतोय ना?” मी म्हणते, येतो ना, चांगला येतो. नाही म्हटलं तर तो तिकडे बसून तळमळेल, म्हणून मी त्याच्या ओठांकडे बघून मान हलवते, तो हसला की हसते. या रविवारी तो बराच वेळ बोलला. मधे थांबला, चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुन्हा काहीतरी विचारलं. मी म्हटलं, बरं बाळा, सगळं ठीक होईल. त्याने मान हलवली आणि फोन ठेवला. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही, नाना.