पंचमीचा तवा

श्रावण शु. २
ठकी आली! माझी यसू लेकीला घेऊन माहेरी पोचली, पंचमी करून जाईल. ठकीला खालचे दोन दात आलेत, आल्या आल्या माझं बोट चावलं. त्या आनंदात जावईबापूंना दोनदा चहा दिला, दुसऱ्यात साखर विसरले. बिचारे प्याले.
प्रौढ वर्गाच्या मास्तरीणबाई सांगवीहून येतात, म्हणतात रोज चार ओळी लिहा म्हणजे हात सुटेल. माझा हात सुटला की आवरत नाही.
पलीकडच्या खोलीत भागीरथी राहते. सोलापूरकडची, नवरा फॅक्टरीत पाळीवर. नाव लांब, तिच्यापायी शाई घालवायची नाही, भा. लिहीन. ठकीला बघून म्हणाली, "मुलगीच का?"
म्हटलं, "व्हय, मुलगीच. तू पण मुलगीच जन्मलीस. हिला मातुर आमी बरी वाढवू."
गेली पाय आपटत. जेवण गोड लागलं.

श्रावण शु. ३
भा.कडं तिच्या भावाची पोर आहे, सुली. आठेक वर्षांची. आई मेली, बाप गावी. मोठी झाली की भा.च्या पोराला करायची असं ठरलंय. भाची आत्याच्या घरी सून म्हणून जाते, रीतच आहे. पण ही बया आत्तापासूनच सासू झाली.
आज नदीवर धुणं आपटताना सुलीची बाही वर सरकली. दंडावर चट्टे, जुन्यावर नवे. विचारलं तर आधी भा.कडं बघितलं, मग म्हणाली, "तवा लागला." मागं मानेवर डाग होता तेव्हाही तवाच. ही पोर भाकरी काय काखेत भाजते?
बायका म्हणाल्या, "व्हणारी सून हाय. वळण लावती."
म्हटलं, "वळण गाडीला असतंया, पोरीला न्हाई."
कुणी हसलं नाही. धुणं आपटत बसल्या. माझं तर पातळ फाटलं आपटून आपटून.

श्रावण शु. ४
पोलीस पाटलांकडं गेले. आण्णा सुपारी कातरत बसलेले. उद्या पंचमी, चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून आजच ढीग कातरून ठेवत होते. नागाची केवढी काळजी! सगळं सांगितलं.
"तू तिची कोण लागतीस?"
"शेजारीण."
"मग शेजारणीवानी ऱ्हा. लोकांच्या चुलीत डोकावू नगं."
"आन पोरगी मेली तर?"
"मेली तर बघू की."
असला पाटील. पायरी उतरून मी थुंकले. त्यांच्या पायरीवर नाही, शेजारी. शेजारणीवानी.
यसू म्हणते, आई, तुला काय करायचंय. लेक माझीच, पण अक्कल सासरी ठेवून आली. ठकी मात्र माझ्या बाजूची. मी आण्णांना शिव्या दिल्या की खिदळते.

पंचमी
आज काय झालं! लिहिताना पण हसू येतंय आणि अंगाचा तिळपापडही होतोय.
सकाळी दिंडं उकडली, वारुळाला गेलो. सगळ्या जणी नटून. सुली मागं मागं, हाताला चिंधी. लाह्या घ्यायला हात पुढं केला तशी चिंधी सुटली. टरटरून फोड, ताजा. मी काही बोलायच्या आत भा. म्हणाली, तोंडात बसलेलंच म्हणाली, "सकाळी भाकरी करताना तवा लागला धांदरटीला."
सगळ्या लाह्या वेचायला लागल्या.
मग म्हातारी सोनाक्का, जिला कानानं कमी ऐकू येतं, तिलाच नेमकं ऐकू आलं. "अगं, पंचमीला तवा?"
भा.चं तोंड चुन्यासारखं. दहा बायका तिच्यावर तुटून पडल्या. नाग कोपंल, पोराबाळांना डसंल, घरोघर सांगा! ज्यांची नदीवर दातखीळ बसली होती, त्याच. फोडाकडं कुणी बघेना. मीच तूप लावलं.

श्रावण शु. ६
चावडीवर बैठक. परवा सुपारी कातरणारे आण्णा आज न बोलावता आले, फेटा बांधून. तव्यासाठी फेटा!
मी म्हटलं, "आण्णा, आधी पोरीचा हात बघा."
"हाताचं ऱ्हाऊ दे. तव्याचं बोल."
मास्तरीणबाईंना मी मुद्दाम बोलावून आणलेलं. त्या खांबाशी उभ्या.
दंड भर, वारुळाला नारळ दे, खोली सोड, असा गलका सुरू झाला. भा. घाबरली. देवळाकडं हात करून ओरडली, "आईच्यान सांगते, तवा न्हाई ठिवला! चुलीत उलथनं लाल केलं आन त्यानं डागलं! तवा खुट्टीलाच व्हता!"
मला वाटलं आता जमीन फाटेल.
आण्णांनी फेटा सारखा केला. "म्हंजे तवा न्हवता?"
"न्हवता."
"मग पंचमी मोडली न्हाई. चला, उठा."
उठले. सगळे उठले! सोनाक्का सुद्धा.
मास्तरीणबाई खांबापासून पुढं आल्या. म्हणाल्या, "आजी, तिनं चारचौघांत कबूल केलंय. पोरांसाठी सरकारचा निराळा कायदा आहे, पुण्यात पोरांचं निराळं कोर्ट आहे. उद्या चौकीवर चला."

श्रावण शु. ८
काल चौकीवर गेलो. जमादारानं पण तेच. "कोण लागता?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "कायदा नातं विचारत नाही." मग लिहून घेतलं. मी सही केली, अंगठा नाही. पुण्याचा साहेब एकादशीला येऊन पोरीला बघणार. तोवर साक्षीला बायका हव्यात.
आज दारोदार फिरले. सगळ्यांचं एकच. "तव्याचं इचारलं तर सांगू. उलथन्याचं आमी न्हाई ऐकलं." पाणवठ्यावर माझ्या घागरीला जागा देत नाहीत. भा.नं दारात राख ओतली. झाडून तिच्याच दारात लोटली.
यसू साक्ष देते म्हणाली. अक्कल सासरहून आली वाटतं.
दुपारी सुली भिंतीआडून आली. ठकीला मांडीवर घेतलं, फोड नसलेल्या हातानं. ठकीनं तिचं बोट चावलं. सुली म्हणाली, "आजी, हिला पण वळण लावनार?"
मी तिला पण मांडीवर ओढलं. दोघी मावल्या.

श्रावण शु. ११
सकाळीच भा.च्या दारात बैलगाडी. गाठोडी चढवली. स्टेशनवर जाणार, तिथून सोलापूर. साहेब यायच्या आत पोरीला पळवायची. आण्णांनीच गाडी दिलीय म्हणे.
नवरा बैलांसाठी पाणी आणायला गेला, भा. आत कुलूप शोधायला. तेवढ्यात मी गाडीपाशी जाऊन आले, ठकीला बैल दाखवायला.
आता गाडी हलत नाही. चाकाची खीळ नाही, हलवली तर चाकच निखळेल. सगळे चिखलात शोधतायत. भा. शिव्या देतेय. "तूच घेतलीस! तू कोण लागतीस गं तिची?"
मी ओट्यावर बसून लिहिते आहे. ठकी मांडीवर, खीळ ओच्यात, टोचतेय. सुली गाडीत गाठोड्यांमागं, माझ्याकडंच बघतेय.
नदीकडून छत्री येतेय. साहेबाची, का आण्णा दुसरी खीळ घेऊन येतायत? एवढ्या लांबचं मला दिसत नाही. कुणी का येईना, ही खीळ ओच्यातून निघत नाही.